साचा तापू द्या: गॅरेजमध्ये रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळ्या ओतताना

माझे आजोबा कोल्हापुरात ओतारी होते. समया, घंटा, निरांजनं ओतायचे. मी शिरोलीच्या एमआयडीसीत आठ वर्षं लोखंड ओतलं आणि आता विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीपासून तासाभरावरच्या एका फाउंड्रीत तेच करतो. त्यामुळे शेजारच्या निवृत्त मशिनिस्ट आजोबांनी मला पहिल्यांदा त्यांच्या गॅरेजमध्ये शिशाच्या गोळ्या ओतताना बघायला बोलावलं, तेव्हा मी मनात म्हटलं, यात काय शिकायचंय? शिसं 327 अंशाला वितळतं. आमच्या भट्टीत 1400 अंशांचा रस असतो. हे म्हणजे पोरखेळ.

घरी येऊन स्वतःचा साचा घेतला आणि पहिल्या दिवशी दोनशे गोळ्या ओतल्या. एकशे नव्वद परत भांड्यात गेल्या. सगळ्यांवर सुरकुत्या, वाळलेल्या मनुक्यासारख्या. मी भांड्याचा तापमानाचा काटा वर वर नेत होतो, कारण मला वाटत होतं रस थंड आहे. म्हातारबुवा येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, की तू रसाकडे बघतोयस, साच्याकडे बघ. माझे आजोबासुद्धा हेच म्हणायचे, फक्त शिवी घालून.

तर हे त्यावरून. मी .38 स्पेशल या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमधून कागदाच्या लक्ष्यावर नेम धरतो, त्यासाठी लागणाऱ्या गोळ्यांबद्दल लिहितोय. गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाणारा शिशाचा तुकडा एवढंच. काडतूस भरणं हा वेगळा विषय, त्यासाठी वजनमापांचं छापील पुस्तक समोर ठेवूनच बसावं लागतं. त्यात मी इथे शिरत नाही.

आधी कायद्याचं, कारण आपली माणसं इथेच चुकतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते ज्याने त्याने बघावेत. पण एच-वन व्हिसावर असाल तर गोष्ट निराळी. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकही जवळ बाळगता येत नाही आणि दारूगोळाही नाही, आणि केंद्राच्या कायद्यातल्या व्याख्येत नुसती गोळी, बिनकाडतुसाची, हीसुद्धा दारूगोळाच. शिकारीच्या परवान्यावरून एक सवलत आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नका. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत नुसता बघत बसलो. भारतात तर 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हेही व्याख्येतच धरलेलं आहे. म्हणजे परवान्याशिवाय साचाच अंगाशी येईल. गावाकडच्या कुणा हौशी भाच्याने हे वाचून गॅसवर शिसं चढवू नये.

शिसं कुठून आणायचं

पूर्वी सगळे टायरवाल्याकडे जायचे. चाकाचा तोल साधायला रिमवर जी वजनं ठोकतात, ती शिशाची असत, आणि बादलीभर जुनी वजनं सहज मिळत. क्लिपवाल्या वजनांत शिशाबरोबर तीनेक टक्के अँटिमनी आणि अगदी थोडं कथील असतं. गोळीसाठी हे मिश्रण उत्तम, फार मऊ नाही, फार कडक नाही. चिकटवायची पट्टीसारखी वजनं मात्र जवळजवळ शुद्ध शिसं, नखाने ओरखडा उठतो. आता बऱ्याच राज्यांनी शिशाची वजनं बंद केली आहेत, आणि बादलीत अर्धी वजनं जस्ताची नाहीतर लोखंडाची निघतात.

लोखंड तरंगतं, ते झाऱ्याने काढून टाकता येतं. जस्त घात करतं. त्याच्यावर बहुधा झेडएन असं कोरलेलं असतं, पण नेहमी दिसतंच असं नाही. एकेक वजन पक्कडीच्या धारेने चेपून बघायचं. शिसं लोण्यासारखं चिरतं, जस्त दाद देत नाही. शिवाय जस्त 420 अंशाच्या आसपास वितळतं, म्हणून पहिल्यांदा वितळवताना काटा 370 सेल्सिअसच्या, म्हणजे 700 फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचा नाही. मग चुकून आलेलं जस्त न वितळता वर तरंगतं. मी एकदा घाईत जाळ मोठा केला आणि दहा किलो शिशाचं पिठलं झालं, तेही गुठळ्या झालेलं. साच्यात ओतलं की कोपरे भरेचनात. ते मी मासेमारीची वजनं ओतणाऱ्या एका मित्राला देऊन टाकलं, गळाच्या वजनाला चेहरा लागत नाही.

गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटांना हात लावू नका. फुकट मिळतात म्हणून मोह होतो. त्यात कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असं काय काय असतं आणि त्यातून निघणारे वायू जीव घेणारे असतात. शिशाच्या बाबतीत सवलत नसलेली ही एक गोष्ट.

मी आता शूटिंग रेंजच्या मागच्या बांधातलं शिसं विकत घेतो, तिथल्या लोकांना विचारून. त्यात थोडं कथील घालावं लागतं, दोन टक्के. कथील काय करतं ते कल्हईवाल्याला विचारा. रसाचा पृष्ठताण कमी होतो आणि तो पसरतो, साच्याच्या बारीक खाचेत घुसतो. इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात प्यूटरचे मग मिळतात, बुडाशी तसं लिहिलेलं असतं. हल्लीच्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर कथील असतं. आठ किलो शिशाला एकशे साठ ग्रॅम, म्हणजे एक लहान मग. नवं कथील विकत घेण्यापेक्षा तीन डॉलरचा मग परवडतो.

अँटिमनी, कथील आणि शिसं हे त्रिकूट आपल्याला नवीन नाही. छापखान्यात जे खिळे जुळवत, ते याच तिघांचे असत. लायनोटाइप यंत्राच्या मिश्रणात साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असे. अक्षराची धार नीट उठावी आणि दाबाखाली टिकावी म्हणून. गोळीला नेमकं तेच हवं असतं, फक्त इतकं कडक नको. .38 स्पेशलचा वेग कमी, दाब कमी. फार कडक गोळी नळीत नीट फुगून बसत नाही, बाजूने गरम वायू निसटतो आणि नळीत शिशाचा लेप बसतो. नवशिक्याला वाटतं कडक म्हणजे चांगली. उलट आहे.

वितळवणं आणि ओतणं, दोन वेगळे दिवस

घाण शिसं वितळवायला गोळ्यांसाठीचं भांडं वापरायचं नाही. बाहेर अंगणात प्रोपेनची शेगडी, त्यावर जाड बुडाचं लोखंडी पातेलं. ॲल्युमिनियमचं नको, शिशाच्या वजनाने आणि आचेने बूड सुटतं. शिसं वितळत आलं की वर क्लिपा, रंग, माती, काजळी सगळं तरंगतं. ते काढायचं, पण त्याआधी मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकायचा आणि लाकडी पट्टीने ढवळायचं. भुसा जळून त्याचा कोळसा होतो, आणि रसावर आलेली राखाडी साय परत धातूत जाते. ती साय मळी समजून फेकू नका. तिच्यात कथील जास्त असतं, ज्याचे आपण पैसे मोजलेत. ढवळून झालं की जे कोरडं, तपकिरी, राखेसारखं उरतं ती खरी मळी.

पाणी. यावर थांबून सांगतो. वितळलेल्या शिशाच्या वर पाण्याचा थेंब पडला तर तो चुर्र करून उडून जातो, फारसं काही होत नाही. थेंब शिशाच्या खाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते, सोळाशे पट फुगते आणि भांड्यातलं शिसं छताला जातं. माझ्या बाबतीत ते रेंजवरच्या गोळ्यांनी केलं. पावसात भिजलेल्या, तांब्याचं कवच असलेल्या गोळ्या, आतल्या फटीत पाणी. मी त्या आधीच तापलेल्या रसात टाकल्या. फट् असा आवाज झाला आणि चंदेरी कारंजं उडालं. तोंडावर जाळी होती, हातात वेल्डिंगचे मोजे. मानेवर, कॉलरच्या आत, एक तांदळाएवढा थेंब गेला, त्याची खूण अजून आहे. तेव्हापासून नियम असा की नवीन शिसं थंड भांड्यात घालायचं आणि भांडं आणि शिसं बरोबर तापवायचं. चालू रसात भर घालायची तर आधी तयार केलेल्या विटाच, त्याही भांड्याच्या काठावर ठेवून गरम करून. पळी, झारा, साच्याचे चिमटे हेही आधी काठावर तापवायचे. थंडीत तर फारच, कारण विस्कॉन्सिनच्या जानेवारीत बाहेरून आणलेल्या लोखंडावर दव धरतं.

विटा कशात पाडायच्या? इथले लोक मफिनच्या ट्रेमध्ये पाडतात. पण कल्हईसारखा कथलाचा थर दिलेला ट्रे असेल, तर शिसं त्याला डाक दिल्यासारखं चिकटून बसतं. मी स्टीलची इडलीची थाळी आणली. पहिली आणली ती भोकांची होती, ती भारतीय दुकानात परत करताना दुकानदाराने कारण विचारलं आणि मला खोटं बोलावं लागलं. बिनभोकांची मिळाली. एक इडली साधारण पाऊण-एक पौंडाची होते. बायकोने ती थाळी बघितली आणि म्हणाली, ‘‘अहो, ही स्वयंपाकघरात दिसली तर मी माहेरी.’’ मी तिच्यावर तांबडा रंग मारला आणि कडेला ड्रिलने मोठं भोक पाडलं, म्हणजे कुणाला चुकूनही इडली करायची बुद्धी होऊ नये. तुम्हीही असंच काहीतरी करा. शिशाला लागलेलं भांडं पुन्हा अन्नाला लावायचं नाही, कितीही घासलं तरी. प्रत्येक इडलीवर खिळ्याने खूण करा, शुद्ध शिशावर एक रेघ, मिश्रणावर दोन. महिन्याने सगळ्या सारख्याच दिसतात.

साचा

माझा साचा ॲल्युमिनियमचा, दोन खणांचा, 158 ग्रेनच्या गोळीचा. ग्रेन म्हणजे सात हजार ग्रेनचा एक पौंड, 158 ग्रेन म्हणजे सव्वादहा ग्रॅम. एका पौंडात चव्वेचाळीस गोळ्या होतात. लोखंडी साचा जास्त टिकतो पण गंजतो आणि तापायला वेळ घेतो. ॲल्युमिनियम पटकन तापतं आणि पटकन निवतं, म्हणून हात थांबला की गोळ्या बिघडतात. शिकायला ॲल्युमिनियमच बरं, चूक लगेच दाखवतं.

नवीन साच्यावर कारखान्याचं तेल असतं. भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन दोन वेळा स्वच्छ करायचा, वाळवायचा. आतल्या सपाट बाजूंवर केसाएवढ्या रेघा दिसतील, त्या ओरखडे नाहीत. हवा बाहेर जायच्या वाटा आहेत. फाउंड्रीत आम्ही वाळूत व्हेंट टोचतो तेच हे. त्यात तेल किंवा शिसं अडकलं की हवा कोंडते आणि गोळीचे कोपरे गोल होतात. वरच्या स्प्रू प्लेटच्या, म्हणजे रस ओतायचं भोक असलेल्या आणि वरचं उरलेलं शिसं कापणाऱ्या फिरत्या पट्टीच्या, खिळीला आणि साच्याच्या दोन्ही भागांना जुळवणाऱ्या पिनांना टू-स्ट्रोक इंजिनचं तेल लावायचं, पण कापूसकाडीने, आणि साचा गरम असताना. थेंब नव्हे, नुसता ओलावा. खणात तेल गेलं की पुढच्या पन्नास गोळ्या सुरकुतलेल्या.

आता साचा तापवायचा. रस 370 ते 385 अंशांवर असताना साच्याचा एक कोपरा रसात बुडवून धरा. सुरुवातीला शिसं त्या कोपऱ्याला गोठून चिकटेल. वीस-तीस सेकंदांनी ते आपोआप ओघळून जाईल आणि कोपरा कोरडा बाहेर येईल. साचा तयार. मी पहिल्या दिवशी हे केलं असतं तर एकशे नव्वद गोळ्या वाचल्या असत्या.

ओतणं

माझं भांडं विजेवरचं, बुडातून ओतणारं, साधारण नऊ किलोचं. तोटीखाली साचा धरायचा, अर्ध्या बोटाच्या अंतरावर, आणि दांडी उचलायची. धार स्प्रू प्लेटच्या भोकाच्या कडेवर पडू द्या, नेमकी मध्यात नको, म्हणजे रस गोल फिरत आत जातो आणि हवा वर निघते. खण भरला की थांबू नका. प्लेटवर चांगला चवलीएवढा डबका साचू द्या. कंजूसपणा इथे महाग पडतो.

हा डबका म्हणजे आमच्या भाषेत राइझर. शिसं गोठताना आकसतं, आणि आकसताना ते कुठून तरी रस ओढतं. डबका पातळ असेल तोवर गोळी त्यातून पिते. डबका लहान असेल तर गोळीच्या बुडात पोकळी राहते, बाहेरून दिसत नाही, पण वजन एक-दोन ग्रेनने कमी भरतं आणि पंचवीस यार्डांवर ती गोळी आपल्या मनाप्रमाणे जाते. डबक्याकडे बघत राहा. आधी तो आरशासारखा चमकतो. मग मध्यभागी एक खळी पडते, तेव्हा गोळी शेवटचा घोट घेत असते. मग एकदम, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात, चमक जाऊन त्यावर धुकं येतं. त्यानंतर चार आकडे मोजा आणि प्लेट फिरवा.

लवकर फिरवली तर प्लेटच्या खालच्या अंगाला शिसं फासलं जातं आणि गोळीचं बूड फाटतं. उशीर केला तर कापायला हातोडी लागते. बरोबर वेळी केली तर मोज्यातल्या अंगठ्याने प्लेट फिरते आणि सुरीने पनीर कापल्यासारखा गुळगुळीत काप येतो. धुकं यायला किती वेळ लागतो, तेच साच्याचं थर्मामीटर. दोन सेकंदांत धुकं आलं तर साचा थंड आहे, जरा भराभर ओता. दहा सेकंद झाले तरी चमकतोय तर साचा तापलाय, थांबा, पुढच्या खेपेपर्यंत ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यावर टेकवा. भांड्याच्या काट्याला हात लावायचा नाही. नव्वद टक्के गोष्टी हाताच्या वेगाने सुटतात.

साचा उघडल्यावर गोळी अडकली तर चिमट्याच्या खिळीवर, म्हणजे दोन मुठी जिथे जोडल्या आहेत तिथे, लाकडाने हलकं ठोका. साच्याच्या अंगावर कधीच नाही. मी शिरोलीत एका पोराला पॅटर्नवर, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्यावर, हातोडी मारली म्हणून हाकलताना बघितलंय. गोळ्या घडी घातलेल्या जुन्या पंचावर पडू द्या, गरम असताना शिसं इतकं मऊ असतं की एकमेकांवर आपटून खळगे पडतात. सिंथेटिक टॉवेल घेऊ नका, वितळतो. आणि पंचा रसापासून लांब ठेवा. काही लोक गोळ्या बादलीभर पाण्यात पाडतात, त्याने त्या कडक होतात. .38 ला त्याची गरज नाही, आणि रसाशेजारी बादलीभर पाणी ठेवायची माझी छाती नाही.

एक लय सापडली की ताशी अडीचशे गोळ्या सहज होतात. मी भीमसेन लावतो. विलंबित नको, हात रेंगाळतो.

काय बिघडलं ते गोळीच सांगते

सुरकुत्या असतील तर साचा थंड किंवा तेलकट. पहिल्या दहा-पंधरा तशाच येतात, बघायच्याही नाहीत, सरळ बाजूला. सगळी गोळी दुधाळ, खरखरीत दिसत असेल तर साचा जास्त तापलाय. अशी गोळी दिसायला वाईट पण चालते. मला थोडी दुधाळच आवडते, कारण तिचे कोपरे भरलेले असतात. दोन भागांच्या सांध्यावर पातळ पंख आला असेल तर साचा नीट मिटत नाहीये, मध्ये शिशाचा कण आहे, बघा. कोपरे गोल असतील तर व्हेंट कोंडलेत किंवा कथील कमी पडलंय.

पण सगळ्यांत आधी बूड. गोळी उलटी धरून दिव्याखाली फिरवा. बुडाची कड सगळीकडे धारदार हवी. नाकाला खळगा असेल तरी गोळी सरळ जाते. बुडाला एका बाजूला टवका असेल तर नळीतून निघताना वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढुशी देतो. मी बुडाला नापास करतो त्या सगळ्या परत भांड्यात. शंभरातल्या वीस गेल्या तरी हळहळ नाही, शिसं कुठे जात नाही.

मापं आणि वंगण

.38 हे नाव फसवं आहे. नळीच्या खाचांचं माप असतं .357 इंच, आणि शिशाची गोळी त्याहून एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाड हवी, म्हणजे .358. पण रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या आधी सिलिंडर येतं, आणि सिलिंडरच्या सहा भोकांची तोंडं नळीहून बारीक असतील तर गोळी तिथेच चेपून बारीक होते आणि नळीत सैल जाते. तपासायला सोपं आहे. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, सिलिंडर बाहेर काढा आणि नुसती गोळी पुढच्या बाजूने प्रत्येक भोकात ढकला. बोटाच्या हलक्या दाबाने गेली पाहिजे. टपकन पडली तर सैल, हातोडी लागली तर घट्ट. मायक्रोमीटर नसेल त्याने एवढं तरी करावं. साच्यातून .359 ची येते, ती मी साइझिंग डायमधून दाबून .358 करतो.

उघडं शिसं नळीत घासून चिकटतं, म्हणून वंगण. जुनी पद्धत म्हणजे मधमाशीचं मेण आणि तसलंच काही वितळवून गोळीच्या खाचेत भरायचं. पातळ, लाखेसारखं वंगण डब्यात टाकून गोळ्या घोळवायचे, हेही चालतं. नवशिके दसपट ओततात, मग गोळ्या गुळात घोळलेल्या शेंगदाण्यांसारख्या चिकट. शंभर गोळ्यांना अर्धा चमचासुद्धा जास्त होतो. रात्रभर वाळू द्या.

हल्ली मी पावडर कोटिंग करतो. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या, चमचाभर पावडर, खेळण्यातल्या एअरसॉफ्टच्या थोड्या काळ्या छऱ्यांबरोबर मिनिटभर गोल हलवायचं. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पावडर चिकटते. मग 200 अंशांना वीस मिनिटं जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये. ओव्हन गॅरेजचाच, स्वयंपाकघरातला नाही. धूरही कमी होतो आणि हाताला शिसं लागत नाही. हिरव्या रंगाच्या गोळ्या बघून म्हातारबुवांनी नाक मुरडलं होतं.

हात, कपडे, रक्त

लोकांना वाफांची भीती वाटते. या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, ते उकळतं 1749 अंशाला. खरं विष धुळीत आहे. मळीची राख, साच्यातून पडलेला चुरा, बोटांवरची काळी रेघ. ती तोंडात जाते. तरी गॅरेजचं दार उघडं आणि पाठीमागून पंखा, वारा माझ्याकडून भांड्याकडे आणि बाहेर. हिवाळ्यात दात वाजतात, पण दार लावायचं नाही.

चार वर्षांपूर्वी मी सहज रक्तातलं शिसं तपासलं. 11 निघालं, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. इथे मुलांसाठी साडेतीनलाच काळजी करतात. माझी चूक साधी होती. मी ओतून झालं की कोरड्या झाडूने गॅरेज झाडत होतो आणि त्याच कपड्यांत आत येऊन जेवत होतो. आता ओल्या फडक्याने पुसतो, फडकं फेकतो. गॅरेजचे बूट गॅरेजमध्ये, कपडे वेगळे धुतो. मध्ये चहा नाही, तंबाखू नाही, कानाला फोनही नाही. हात थंड पाण्याने आणि साबणाने, नखांच्या आतून. वर्षभराने आकडा 4 वर आला. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हा छंद घराबाहेर, मित्राच्या शेडमध्ये करावा. मळी कचऱ्यात टाकायची नाही, झाकणाच्या डब्यात साठवून गावाच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्यायची.

अंगावर सुती कपडे, चामड्याचे बूट, पँट बुटांच्या वरून. बुटात खोचली तर थेंब आत जाऊन बसतो.

संपवताना भांडं पूर्ण रिकामं करू नका. तळाशी दोन बोटं रस राहिला की पुढच्या वेळी आच सगळीकडे लवकर पोचते. डब्यावर मिश्रण, वजन आणि तारीख लिहा. माझ्याकडे ‘चांगल्या’ एवढंच लिहिलेला एक डबा आहे, त्यात काय आहे ते मलाही ठाऊक नाही.

पहिल्या पन्नास गोळ्या झाडल्यावर रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि मागून उजेड धरून नळीत बघा. खाचांच्या कडेला राखाडी पट्टे दिसले तर शिसं बसलंय. सिलिंडरजवळच्या टोकाला असेल तर बहुतेक गोळी बारीक आहे, पुढच्या टोकाला असेल तर वंगण कमी पडलंय. काढायला तांब्याच्या घासणीचे चार धागे जुन्या ब्रशवर गुंडाळा आणि दहा-बारा वेळा फिरवा. घासणी विकत घेताना चुंबक लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची, ती नळीत घालू नका.